लोहाराचा विळा, फाळ आणि धाव: ताप, पाणी आणि घणावरची साथ

प्रश्न असा आहे: गावातला लोहार आणि त्याच्या घरची माणसं मिळून विळा, फाळ, गाडीची धाव (लाकडी चाकावरचं लोखंडी कडं) ही कामं नेमकी कशी करतात? पाणी देणं म्हणजे काय? आणि एकाच लोहाराकडून घेतलेला एक विळा वर्षानुवर्षं चालतो, दुसरा पहिल्याच कापणीत वाकतो किंवा तुकडा पडतो, असं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हत्यार बिघडतं ते बहुतेक वेळा तापात, म्हणजे लोखंड तापवण्यात, बिघडतं, ठोकण्यात फार क्वचित. आणि ताप नीट राखायचा असेल तर लोखंड धरणाऱ्याखेरीज भात्यावर आणि घणावर आणखी कुणीतरी लागतं. लोहारकाम एकट्याचं कधीच नव्हतं. लोहाराचं नाव होतं, पण शाळा चालायची ती घरातल्या तीन-चार माणसांवर. (लोहाराच्या कामाच्या जागेला खेड्यात शाळा किंवा लोहारशाळा म्हणतात.)

आधी लोखंड. बांधकामाची पट्टी, अँगल, साधी सळई यांत कार्बन ०.२ टक्क्याच्या आसपास असतो. असलं लोखंड लालबुंद करून कितीही वेळा पाण्यात बुडवा, धार धरण्याइतकं कडक होत नाही. टीएमटी सळई फसवते, कारण तिचा वरचा थर कारखान्यातच पाण्याच्या माऱ्यानं कडक केलेला असतो. भट्टीत एकदा तापली की तो कडकपणा निघून जातो आणि हातात साधं लोखंडच उरतं. विळा, कोयता, कुऱ्हाडीची धार यांसाठी मोटारीच्या कमानीचा (धक्के झेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) पाटा चांगला. त्यात कार्बन ०.५ ते ०.६ टक्के, शिवाय सिलिकॉन किंवा मँगनीज असतं, त्यामुळे तो कडकही होतो आणि लवचीकही राहतो. मात्र जुना पाटा लाखो वेळा वाकून आलेला असतो. मधल्या बोल्टच्या भोकाजवळ आणि टोकाच्या गुंडाळीजवळ केसासारख्या बारीक चिरा असतात. तो भाग कापून टाकावा. चीर असलेला तुकडा कितीही कौशल्यानं घडवला तरी पाणी देताना तिथेच फाटणार. बेअरिंगच्या कड्यात कार्बन १ टक्क्याजवळ असतो. ते धार उत्तम धरतं, पण घडवायला हट्टी असतं आणि पाण्यात बुडवलं की बहुधा तडकतं. त्याला तेलच लागतं. रेल्वेच्या रुळाचा तुकडा कुणी आणून दिला तर घेऊ नये. रेल्वेचा माल बेकायदा बाळगणं हा १९६६ च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि पकडला जातो तो लोहार.

लोखंड ओळखायचं तर ग्राइंडरला लावून ठिणग्या पाहाव्या. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, फाटे कमी असलेल्या. कार्बन जास्त असेल तर आखूड आणि टोकाला झुडपासारखे फाटे फुटलेल्या. ग्राइंडर नसेल तर तुकड्याचं टोक लाल करून पाण्यात विझवावं आणि ऐरणीच्या कडेला ठेवून हातोड्यानं मारावं. वाकलं तर विळ्याला निरुपयोगी, मोडलं तर कामाचं. मोडलेली जागा नीट पाहावी. बारीक, करडी, मऊ दिसणारी असेल तर ताप बरोबर होता. साखरेसारखे चमकणारे जाड दाणे दिसले तर लोखंड फार तापलं होतं. ही खूण विळ्याच्या बाबतीतही तितकीच खरी आहे. तुमचा तुटलेला विळा टाकून देण्याआधी तुटलेली कड उन्हात धरून बघा, चूक कुठे झाली ते तिथे दिसतं.

भट्टीत लाकडी कोळसा सगळ्यात चांगला, त्यातही बाभळीचा. दगडी कोळसा जास्त वेळ टिकतो आणि ताप जोरदार देतो, पण त्यात गंधक असतं. तो आधी धूर संपेपर्यंत जळू द्यावा, पिवळा धूर येत असताना चांगलं लोखंड आत घालू नये. नवशिका नेहमी एक चूक करतो: तुकडा थेट वाऱ्याच्या तोंडावर ठेवतो. तिथे ताप दिसतो जोरात, पण न जळलेला वारा लोखंडाला लागून त्याची खपली पडत जाते आणि कडेचा कार्बन जळून जातो. वाऱ्याच्या तोंडावर चार-पाच इंच निखारा हवा, त्यावर तुकडा आणि तुकड्यावर पुन्हा निखारा. प्रत्येक तापाला थोडं लोखंड खपली होऊन गळतंच, म्हणून सरावाचा लोहार जे काम चार तापांत होतं ते सात तापांत करत नाही.

लोहारशाळेत उजेड कमी का ठेवतात, हे अनेकांना माहीत नसतं. तापाचा अंदाज रंगावरून घ्यायचा असतो आणि रंग सावलीत खरा दिसतो. उन्हात तेच लोखंड फिकं दिसतं, मग माणूस आणखी भाता मारतो आणि लोखंड जाळून बसतो. सावलीतले रंग साधारण असे: जेमतेम दिसणारा काळपट लाल म्हणजे ६५० अंश सेल्सिअसच्या आसपास, पिकल्या चेरीसारखा लाल ७५० ते ८००, नारिंगी ९०० ते ९५०, पिवळा १०५० ते ११००. पांढरट पिवळा १२५० च्या वर, तिथे दोन तुकडे ठोकून एकजीव होतात. त्याहून पुढे गेलं की भट्टीतून चांदण्या उडतात. त्या लोखंडाच्याच असतात. तसं झालं की तेवढा भाग कापून टाकायचा, तो परत सुधारत नाही.

आता माणसं. गावातला जुना लोहार जमिनीवर बसून काम करतो. ऐरण लाकडी ठोकळ्यात बसवून जमिनीत पुरलेली असते, वर वीतभरच दिसते. डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात किलो-सव्वा किलोचा हातोडा. समोर उभं राहून घण मारणारं माणूस वेगळं. घण ३ ते ५ किलोचा. तिसरं माणूस भात्यावर: कातड्याचे दोन भाते असतील तर एक दाबायचा तेव्हा दुसरा उघडायचा, म्हणजे वारा खंडत नाही. पुढे हातानं फिरवायचे पंखे आले, आता बहुतेक ठिकाणी विजेचा ब्लोअर आहे. भात्याचं कातडं वाळून भेगा पडू नयेत म्हणून त्याला अधूनमधून तेल चोळावं लागतं. तेही घरातल्याच कुणाचं काम.

घणावर बहुतेक घरांत लोहाराची बायको किंवा थोरला मुलगा असतो. गावोगाव फिरणाऱ्या घिसाडी समाजात तर हे रस्त्याच्या कडेला सर्रास दिसतं: पुरुष बसून सांडशीत लोखंड धरतो, बाई उभी राहून घण घालते, पोर पंखा फिरवतं. बघणाऱ्याला वाटतं की बाई मदत करते. खरं तर लोखंड लांबवण्याचं, पातळ करण्याचं मुख्य बळ तिचंच असतं. लोहाराचा हातोडा फक्त जागा दाखवतो. तो जिथे आणि ज्या तिरक्या अंगानं टेकवेल, तिथे तसाच घण पडला पाहिजे. तोंडानं बोलायला वेळ नसतो. हातोडा हलका पडला की घणही हलका, जोरात पडला की जोरात, आणि हातोडा ऐरणीच्या कोऱ्या भागावर वाजला की थांब. पाटा पिवळ्या रंगावरून काळपट लालीवर यायला पाऊण मिनिटही पुरतं. तेवढ्यात वीस-बावीस घाव नेमके पडायला हवेत. दोघांचा मेळ बसलेला असेल तर विळ्याचं पातं चार तापांत निघतं. नवा माणूस घणावर असेल तर घण तिरपा पडतो, त्याच्या कडेची चंद्रकोर पात्यावर उमटते, ती काढायला पुन्हा ताप द्यावा लागतो आणि जास्तीच्या तापानं पात्याची कड जळते. घडलेल्या विळ्यावर अशा खोल चंद्रकोरी दिसल्या तर समजावं की तिथे पातं पातळ झालंय आणि वाकणार.

विळा कसा घडतो ते क्रमानं सांगतो. हलक्या गाडीच्या कमानीचा ६ मिमी जाड पाटा लाल करून छिन्नीनं उभा चिरायचा, २२ मिमी रुंद आणि २० सेंमी लांब पट्टी काढायची. वजन साधारण २०० ग्रॅम भरतं, तयार विळ्यात त्यातलं पावणेदोनशेच्या आसपास उरतं. आधी एका टोकाची ५-६ सेंमी लांबी पिवळी करून मुठीत जाणारी शेपूट ओढायची: चौकोनी, निमुळती, ९ ते १० सेंमी लांब. शेपूट आणि पातं जिथे मिळतं तिथे काटकोनात खाच ठेवू नये. आतला कोपरा गोलसर हवा. तीक्ष्ण कोपऱ्यातून विळा मुठीजवळ मोडतो आणि हे मोडणं सगळ्यात धोक्याचं, कारण जोर लावलेला हात पुढे जाऊन पात्यावर पडतो.

मग पातं लांबवून घ्यायचं आणि बाक द्यायचा. इथली खरी खुबी अशी की बाक हवा त्यापेक्षा जास्त द्यायचा. विळ्याची धार आतल्या बाजूला असते. ती पातळ करायला ठोकलं की आतली कड लांबते आणि विळा उघडत जातो. ज्यानं आधीच बरोबर बाक दिला त्याचा विळा शेवटी सरळ होऊन बसतो, मग तो थंड्यावर वाकवायला जातो आणि पात्यात न दिसणारी चीर पाडतो. धारेची कड या टप्प्यावर १ मिमी जाड ठेवावी, पाठ ३ ते ४ मिमी. कागदासारखी कड आताच केली तर पाणी देताना ती लाटेसारखी वळते किंवा जळते.

घडवून झाल्यावर पातं चुंबकाला चिकटायचं थांबेल त्याच्या किंचित पुढे तापवायचं आणि हवेत थंड होऊ द्यायचं. असं दोन-तीनदा करायचं. ठोकण्यात लोखंडात जो ताण बसलेला असतो, जाड झालेले दाणे असतात, ते यानं मोडतात. चुंबक ७७० अंशांच्या आसपास सोडतो, त्यामुळे ज्याची नजर अजून बसलेली नाही त्यानं भट्टीशेजारी तारेला बांधलेला चुंबक टांगून ठेवावा. ही पायरी बहुतेक ठिकाणी घाईत गाळली जाते. माझ्या मते पहिल्याच कापणीत तुटणाऱ्या विळ्यांत सगळ्यात जास्त दोष हिचाच.

दाते पाडायचे असतील तर पातं मऊ हवं. त्यासाठी लाल करून राखेत पुरून रात्रभर हळूहळू थंड करायचं. धारेच्या एकाच अंगाला, मुठीकडे झुकलेले दाते बारीक छिन्नीनं एकेक घावात पाडायचे, दोन दात्यांत एक-दीड मिमी अंतर. दुसरं अंग सपाट राहतं, त्यामुळे पुढे ते सपाट अंग दगडावर घासलं की दाते पुन्हा उठतात. डावखुऱ्या माणसाला दाते उलट्या अंगाला लागतात, हे विळा सांगतानाच बोलावं. दुकानातले विळे बहुतेक उजव्या हाताचे असतात आणि डावखुरी बाई आयुष्यभर मनगट वाकडं करून कापत राहते.

आता पाणी. पाणी देणं म्हणजे तापलेलं लोखंड झटकन थंड करून कडक करणं, आणि मग त्याचा ठिसूळपणा जाईल इतका थोडा ताप परत देणं. या दोन्ही गोष्टी मिळून पाणी. नुसती पहिली केली तर विळा काचेसारखा फुटतो.

कुऱ्हाड, छिन्नी, पहार यांचं सोपं असतं. फक्त धारेचा किंवा टोकाचा २-३ सेंमी भाग बुडवायचा, मागचा ताप तसाच राहू द्यायचा, बाहेर काढून दगडानं घासून चकचकीत करायचा आणि मागचा ताप धारेकडे सरकताना रंग पाहायचे: आधी फिका पिवळा (सुमारे २२० अंश), मग गडद पिवळा-तपकिरी (२४० ते २६०), मग जांभळा (२७० ते २८०), मग निळा (३००). हवा तो रंग धारेवर आला की पूर्ण विझवायचं. बुडवताना हत्यार पाण्यात वर-खाली हलतं ठेवावं. एकाच पातळीवर स्थिर धरलं तर पाण्याच्या रेषेवरच आडवी चीर पडते आणि पुढे तिथूनच धार तुकड्यानं निघते.

विळ्याला ही सोय नाही. त्याची धार आतल्या बाकात आहे, तेवढीच बुडवता येत नाही, सगळं पातं बुडवावं लागतं. शेपूट मात्र बाहेर ठेवायची, ती मऊच हवी. कमानीचा पाटा असेल तर माझं स्पष्ट मत आहे की पाण्यापेक्षा तेल वापरा. ५०-६० अंशांपर्यंत कोमट केलेलं शेंगतेल, करडईचं तेल, कोणतंही चालतं. गाडीचं जळकं तेल स्वस्त पडतं, पण त्याचा धूर छातीला वाईट. एका विळ्याला किमान तीन-चार लिटर तेल असावं, कमी तेल लगेच तापतं आणि पेट घेतं. झाकण जवळ ठेवावं. आग लागली तर झाकायची, पाणी ओतायचं नाही. पाणीच वापरायचं असेल तर कोमट घ्यावं, विहिरीचं गार पाणी नको. पातं चेरीच्या लालीवर, सगळीकडे सारखं, पाठ निखाऱ्याकडे आणि धार वर ठेवून तापवायचं, कारण पातळ कड आपोआपच लवकर तापते. मग उभं, एकाच हालचालीत आत. आडवं टाकलं तर एक अंग आधी आवळतं आणि पातं पिळतं.

बाहेर काढल्यावर कानस लावून पाहावी. घसरली, रुतली नाही, तर कडक झालंय. आता वाट पाहायची नाही. तासभर तसंच ठेवलेलं पातं आपणहून तडकल्याचे प्रकार होतात. घासून उजळ करायचं आणि एक जाड लोखंडी पट्टी लाल करून तिच्यावर विळ्याची पाठ टेकवून सरकवत राहायचं. रंग पाठीकडून धारेकडे येतात. विळ्याला धारेवर गडद पिवळा-तपकिरी हवा, पाठीवर जांभळा-निळा झाला तर उत्तमच. कोयत्याला, जो उसाच्या बुडख्यावर आणि कधी दगडावर बसतो, धारेवर तपकिरीच्या पुढे जांभळ्यापर्यंत जावं. कुऱ्हाडीला जांभळा ते निळा. खुरप्याला मुळात एवढं कडक करायची गरज नाही. ते मातीत चालतं, दगडाला लागतं. वाकलं तर सरळ करता येतं, तुकडा पडला तर नाही.

मूठ बसवताना लाकडात शेपटीपेक्षा बारीक भोक पाडायचं, तोंडावर लोखंडी शेंबी (कडं) बसवायची आणि शेपूट काळपट लाल करून आत दाबायची. लाकूड तेवढंच जळून घट्ट आकार घेतं. पात्याला मात्र तेव्हा ओलं फडकं गुंडाळून ठेवायचं, नाहीतर दिलेलं पाणी शेपटीच्या तापानं उतरतं. मुठीजवळचीच दोन बोटं धार लगेच बोथट होते अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच.

फाळाचं काम वेगळं. लाकडी नांगराचा फाळ चौकोनी कांबीचा, जमिनीत घासून त्याचं टोक आखूड होत जातं. लोहार ते पिवळं करून ओढून पुन्हा टोकदार करतो, याला फाळ शेवटणं म्हणतात. दोन-तीनदा शेवटल्यावर अंगातलं लोखंड संपतं, मग टोकाला पोलादाचा तुकडा ठोकून जोडायचा. दोन्ही टोकं तिरपी करायची, पांढरट पिवळी तापवायची, खपली वितळून निघून जावी म्हणून वर टाकणखार किंवा बारीक स्वच्छ वाळू टाकायची, आणि पहिले घाव हलके, मधून कडेकडे मारायचे. सुरुवातीलाच जोराचा घाव बसला तर तुकडे घसरतात आणि मळ आत अडकतो. जोड बाहेरून छान दिसतो, शेतात उघडतो. आता हे काम बहुतेक ठिकाणी विजेच्या वेल्डिंगनं होतं. वखराच्या पासेच्या (मातीत चालणाऱ्या आडव्या पात्याच्या) कडेवर कठीण थर देणाऱ्या खास कांडीचा एक पट्टा चढवला तर साधी पासही बरीच जास्त चालते. त्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही. नांगरकामाचा मोठा वाटा तर त्याच्याही आधी गेला: लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर काढला, तेव्हापासून हळूहळू फाळ दुकानातून विकत घेण्याची वस्तू झाली.

बैलगाडीच्या चाकावर धाव चढवणं हे लोहार आणि सुतार दोघांचं काम, आणि त्यात अर्धं गाव हाताशी लागायचं. पाच फुटी चाकाचा घेर साधारण ४.८ मीटर. धावेचा आतला घेर त्यापेक्षा १५ ते २० मिमी कमी ठेवायचा. पट्टीची लांबी काढताना आतल्या घेरात पट्टीच्या जाडीच्या ३.१४ पट मिळवायचे (१२ मिमी जाडीला सुमारे ३८ मिमी), शिवाय जोडासाठी वेगळी लांबी. जाडी धरायची राहिली की धाव ठरवल्यापेक्षा आखूड होते, हे हमखास घडतं. जोडून झालेली धाव दगडांवर आडवी ठेवून भोवती गोवऱ्या आणि लाकूड रचून सगळीकडे सारखी तापवायची. ४००-५०० अंशांना एवढ्या घेराचं लोखंड २२ ते २८ मिमी वाढतं, म्हणजे चढवायला जेमतेम जागा होते. वाळकी काडी टेकवली की लगेच धुरावली पाहिजे. दिवसा धाव लाल दिसायला लागली तर ती फार तापली, पुठ्ठे (चाकाच्या घेराचे लाकडी तुकडे) जळतील. तिघांनी लांब सांडशांनी उचलून एकदम बसवायची, वर राहिलेली बाजू घणानं दाबायची आणि लगेच घागरींनी पाणी ओतायचं. लोखंड आवळताना आरे तुंब्यात (चाकाच्या मधल्या लाकडी गाभ्यात) रुतल्याचा आवाज करकर येतो. पुठ्ठ्यांच्या सांध्यांत सुतारानं दोन-तीन मिमी फट ठेवलेली असावी, ती या आवळण्यात मिटते. फट नसेल तर आवळायला जागाच राहत नाही आणि एखादा आरा मोडतो. घेर फार कमी घेतला तरी तेच. कमी आवळली तर उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव वाजायला लागते. चाक रात्रभर ओढ्यात बुडवून ठेवतात तो तात्पुरता इलाज, धाव कापून आखूड करणं हा खरा. टायरच्या गाड्या आल्यावर हे काम फार थोड्या ठिकाणी उरलं.

घरच्या वर्षाची घडी शेतीच्या घडीवर बसलेली. मृगाच्या आधी, मे महिन्यात, फाळ, पास, पाभरीच्या (पेरणीच्या औजाराच्या) फणांची लोखंडी टोकं. पेरणी झाली की कोळप्याच्या (तण काढायच्या औजाराच्या) पासा आणि खुरपी. दसऱ्याच्या सुमाराला विळे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीचे कोयते. उन्हाळ्यात गाडीची कामं. खंडेनवमीला भाता बंद, ऐरण-घण धुऊन पूजा. बारा बलुतेदारांत लोहाराला प्रत्येक घावाचे पैसे मिळत नसत. वर्षभर शेतकऱ्याची औजारं शेवटून-पाजळून द्यायची आणि सुगीत खळ्यावरून ठरलेलं धान्य न्यायचं. लोखंड शेतकऱ्याचं, कोळसा आणि मेहनत लोहाराची. नव्या वस्तूंचं वेगळं ठरायचं. या पद्धतीत पोट भरायचं, पण पीक बुडालं की बलुतंही बुडायचं, आणि घणावरच्या बाईच्या कष्टाचा वेगळा हिशोब कधीच झाला नाही.

तो हिशोब आजही होत नाही, हे मला खटकतं. आज रोख पैसे घेणारा लोहार विळ्याची किंमत सांगताना लोखंड, कोळसा आणि स्वतःची मजुरी धरतो. घण मारणाऱ्या बायकोची मजुरी धरतच नाही, म्हणून विळा स्वस्त पडतो आणि मुलांना धंदा तोट्याचा वाटतो. किंमत काढायची योग्य रीत अशी: लोखंडाचं वजन, जळलेला कोळसा किंवा वीज, आणि लागलेला वेळ गुणिले माणसं. विळ्याला दोन माणसं एक तास लागली तर ते दोन तास. घणावर माणूस उरलं नसेल तर छोटा पॉवर हॅमर हा त्याला पर्याय आहे, तो लांबवण्याचं काम चांगलं करतो. पण पातं पातळ करण्याचे शेवटचे घाव आणि पाणी हातानंच.

औजारांसाठी केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना (१७ सप्टेंबर २०२३ पासून) आहे. तिच्या १८ व्यवसायांत लोहार आहे. पाच-सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये, औजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि विनातारण कर्ज, आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाख, ५ टक्के व्याजानं. एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला लाभ मिळतो, त्यामुळे नाव कुणाचं द्यायचं हे घरात बोलून ठरवावं. घणावरची बाईही कारागीर आहे, तिचं नाव देण्याचा विचार जरूर व्हावा.

अंगाची काळजीही त्याच घरानं घ्यायची असते. जस्ताचा मुलामा दिलेली पट्टी किंवा जीआय पाईप भट्टीत कधीच घालू नये. पांढरा धूर येतो, रात्री थंडी वाजून ताप भरतो. दोन्ही तोंडं बंद असलेली नळी तापवली तर फुटते. दारं लावून कोळसा पेटवला तर विषारी वायू साठतो, त्याला वासही नसतो. वर्षानुवर्षं भट्टीत बघून डोळ्यांत मोतीबिंदू लवकर उतरतो, गडद चष्मा त्यासाठी. घणाच्या आवाजानं कान जातात, तेव्हा कानात बोळे दोघांनीही घालावे, नुसते मारणाऱ्यानं नाही. पोराला भात्याजवळ बसवलं असेल तर खपली उडते त्या बाजूला, म्हणजे ऐरणीच्या समोर, बसवू नये.

आणि तुम्ही विळा घेणारे असाल तर दोन गोष्टी सांभाळा. लोहाराला लोखंड कुठलं ते विचारा, कमानीचा पाटा असेल तर तेलात पाणी द्यायला सांगा आणि थोडे जास्त पैसे द्या. धार लावायला विळा कोरड्या ग्राइंडरवर देऊ नका. कड एका क्षणात निळी होते, आणि निळी झाली की तिथलं पाणी उतरलं. मग कितीही घासा, ती दोन दिवसांत बोथट होणार. ओल्या दगडावर, सपाट अंगानं, मुठीकडून टोकाकडे घासा. निळी झालीच असेल तर तेवढी कड थंड दगडावर झिजवून काढावी लागते, आणि पूर्ण पात्याचा रंग गेला असेल तर विळा परत भट्टीवर न्यावा लागतो.